हवाई दलप्रमुखाला घरी कोण पाठवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला चिलीच्या लष्करी राजवटीवरचा लेख वाचला. ११ सप्टेंबर १९७३ ची लष्करी उठावाची सकाळ, अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचा अंत, भूदलप्रमुख पिनोशेच्या हुकूमशाहीची साडेसोळा वर्षे हे सगळे त्यात आले आहे. मात्र १९९० मध्ये सत्तांतर झाले आणि लष्कर बराकीत परतले, एवढ्यावर लेख संपतो. माझा आक्षेप त्या शेवटाला आहे. लष्कर खरोखर परतले का आणि कधी, हे समजून घ्यायचे तर पिनोशेइतकेच चिलीच्या हवाई दलप्रमुखाकडेही पाहायला हवे.

चिलीच्या हवाई दलातले सर्वोच्च पद 'जनरल देल आयरे', म्हणजे आपल्या एअर चीफ मार्शलच्या बरोबरीचे. ऑगस्ट १९७३ मध्ये या पदावर गुस्तावो ली याला खुद्द आयेंदे यांनीच नेमले होते. महिनाही उलटला नाही तोच त्याच्या हॉकर हंटर विमानांनी आयेंदे यांच्यावर, ला मोनेदा या अध्यक्षीय प्रासादावर, अग्निबाण डागले. (याच जातीची हंटर विमाने आपल्या हवाई दलाने १९७१ साली लोंगेवालाला वापरली.) उठावाचा बेत पुढे रेटणाऱ्यांत ली आणि नौदलाचा मेरिनो हे आघाडीवर होते, पिनोशे उशिरा सामील झाला. त्या रात्री चौघांच्या लष्करी मंडळाने शपथ घेतली तेव्हा मार्क्सवादाचा कर्करोग कापून काढण्याची भाषा केली तीही लीनेच.

त्याच हवाई दलात आल्बेर्तो बाशेलेत नावाचे ब्रिगेडिअर दर्जाचे जनरल होते. आयेंदे सरकारात ते अन्नधान्याच्या वितरणाची व्यवस्था पाहत. घटनेशी एकनिष्ठ राहिलेल्या इतर अधिकाऱ्यांबरोबर त्यांनाही पकडले, हवाई युद्ध अकादमीत छळले आणि १२ मार्च १९७४ रोजी ते सान्तियागोच्या तुरुंगात हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय पन्नास. छळ करणारे त्यांच्याच दलाचे अधिकारी होते. दोन निवृत्त कर्नलांना या प्रकरणी शिक्षा झाली ती २०१४ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. ली हा नंतर पिनोशेच्या विरोधात गेला म्हणून काही जण त्याला मवाळ ठरवतात. बाशेलेत यांच्या मृत्यूच्या वेळी हवाई दल कोणाच्या हुकमाखाली होते, हे मला विसरता येत नाही.

आता मुद्द्याचे. ली आणि पिनोशे यांचे फाटले ते सत्तेच्या वाटणीवरून, आर्थिक धोरणावरून आणि मुलकी राजवट कधी आणायची यावरून. जुलै १९७८ मध्ये लीने एका इटालियन दैनिकाला मुलाखत देऊन लोकशाहीकडे परतण्याचे वेळापत्रक मागितले. २४ जुलैला मंडळातल्या उरलेल्या तिघांनी त्याला पदावर राहण्यास असमर्थ ठरवून काढून टाकले. हवाई तळांभोवती भूदलाचे सैनिक उभे होते. हवाई दलातले बहुतेक सगळे जनरल त्याच्याबरोबर बाहेर पडले आणि ज्येष्ठतेच्या यादीत बरेच खाली असलेले फर्नांदो मत्तेई प्रमुख झाले. म्हणजे हुकूमशहाने जनरल देल आयरेला एका दिवसात घरी पाठवले.

मत्तेई यांनी पुढे एक मोठे काम केले, ते आपल्या लेखात यायला हवे होते. पिनोशेला आणखी आठ वर्षे द्यायची का, यावर ५ ऑक्टोबर १९८८ ला सार्वमत झाले. रात्री उशिरापर्यंत सरकार खरे आकडे दडवत होते. मध्यरात्रीनंतर बैठकीसाठी ला मोनेदात शिरता शिरता मत्तेई यांनी पत्रकारांना सांगितले की 'नको' म्हणणारे जिंकले आहेत, हे आपल्याला पुरेसे स्पष्ट दिसते. त्या बैठकीत पिनोशेने जादा अधिकारांच्या कागदावर सह्या मागितल्या आणि आपण नकार दिला, असे मत्तेई यांनी नंतर सांगितले. मंडळाचे निर्णय एकमतानेच व्हायचे, त्यामुळे एका जनरलच्या नकारालाही वजन होते. 'नको'च्या बाजूने जवळपास ५६ टक्के मते पडली होती. मत्तेई यांचे श्रेय त्यांना मिळायलाच हवे.

पण पिनोशेच्या राजवटीने केलेली १९८० ची राज्यघटना कायम राहिली. अध्यक्षाने पाच सर्वांत ज्येष्ठ जनरलांमधून दलप्रमुख निवडायचा, आणि एकदा नेमला की चार वर्षे त्याला हात लावायचा नाही. हटवायचे तर राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची संमती हवी, आणि त्या परिषदेत दलप्रमुखांनाच मताचा अधिकार! याच घटनेच्या आधारे पिनोशे मार्च १९९८ पर्यंत भूदलप्रमुख राहिला. सशस्त्र पोलीस दलाचे प्रमुख स्टांगे यांना १९९४ मध्ये अध्यक्ष फ्रेई यांनी राजीनामा मागितला, त्यांनी तो दिला नाही, आणि अध्यक्षांना काही करता आले नाही. लोकांनी निवडलेल्या अध्यक्षांना!

२००२ मध्ये हेच हवाई दलात घडले. लष्करी राजवटीत बेपत्ता केलेल्या माणसांची माहिती गोळा करण्याचे काम ज्या जनरलवर सोपवले होते, त्यानेच ती दडवल्याचे उघड झाले. ज्या घरांनी तीस वर्षे वाट पाहिली, त्यांच्या वाट्याला हे आले. हवाई दलप्रमुख पात्रिसिओ रिओस यांना बडतर्फ करण्याचा सरळ अधिकार अध्यक्ष रिकार्दो लागोस यांच्याकडे नव्हता. दबाव वाढत गेला आणि ऑक्टोबरमध्ये रिओस स्वतः पायउतार झाले. तेव्हा संरक्षणमंत्री कोण होत्या? मिशेल बाशेलेत, तुरुंगात गेलेल्या त्या जनरलची मुलगी.

घटनेत बदल झाला तो २००५ मध्ये. तेव्हापासून अध्यक्ष कारणे नोंदवून आणि संसदेला कळवून दलप्रमुखाला मुदतीआधी निवृत्त करू शकतात. पुढच्याच वर्षी मिशेल बाशेलेत अध्यक्ष झाल्या आणि वडिलांचा छळ झाला त्या दलाचा नवा प्रमुख त्यांनी नेमला, घटनेने दिलेल्या पूर्ण अधिकाराने. माझ्या लेखी लष्कर बराकीत परतले ते तेव्हा, १९९० साली नव्हे.

आपल्याला हे नीट उमगत नाही, कारण आपल्याकडे हा अधिकार कधी वादात नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने नौदलप्रमुख विष्णू भागवत यांना बडतर्फ केले. तो निर्णय योग्य होता का, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आणि लिहिले जावे. पण सरकारला तसे करता येते का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. चिलीत त्याच वर्षी पिनोशे आपल्या मुदतीने भूदलातून निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवशी आजीव सिनेटर म्हणून शपथ घेऊन बसला.

मी नागरिकशास्त्र शिकवत असे. सत्तांतर म्हणजे निवडणूक असे मुलांच्या मनात पक्के बसते आणि वृत्तपत्रांतले लेखही तेच पक्के करतात. आपण या लेखमालेचा पुढचा भाग काढणार असाल तर २००५ ची घटनादुरुस्ती आणि रिओस यांचा राजीनामा या दोन गोष्टींना त्यात जागा द्यावी. अर्जेंटिनावर लिहिणार असाल तर तिथल्या १९७६ च्या मंडळातले हवाई दलाचे ओर्लांदो आगोस्ती यांच्यावर १९८५ मध्ये मुलकी न्यायालयात खटला चालून साडेचार वर्षांची शिक्षा झाली, तेही घ्यावे. दोन शेजारी देशांनी आपापल्या जनरलांचे काय केले, हे वाचकांना शेजारी शेजारी वाचता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज