कुत्र्याला रोज आंघोळ घाला म्हणता, पण...

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या लहान कुत्र्यांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, फोटोही गोड आहेत. मात्र 'घरात कुणाला अॅलर्जी असेल तर कुत्र्याला रोज आंघोळ घालावी, त्रास उरत नाही' असं एक वाक्य त्यात आहे. त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तीन वर्षांपूर्वी आम्ही नेमकं हेच करून बसलो. आम्ही म्हणजे मी, आमची सौ. आणि पाच किलोचा ब्रूनो.

मी एसटीतला निवृत्त वाहक. देवगड तालुक्यात घर, चार हापूसची कलमं, एक बैल, एक गाय. ब्रूनो आमचा नव्हे, मुलाचा. तो डोंबिवलीला असताना नातवंडांच्या हट्टापायी घेतलेला, पांढरा, झुपकेदार, पॉमेरेनियन म्हणून विकलेला. मुलाची बदली बंगळुरूला झाली तेव्हा 'बाबा, दोनच महिने सांभाळा' म्हणून वैशाखात आणून सोडला. त्या दोन महिन्यांचं हे चौथं वर्ष चालू आहे. वाडीत त्याला ब्रूनो कुणी म्हणत नाही, बुरण्या म्हणतात, आणि त्या नावाला तो जास्त चटकन येतो.

सौ.ला दम्याचा त्रास जुना. थंडीत आणि मोहराच्या दिवसांत पंप लागायचा, एरवी नाही. बुरण्या आल्यावर पंधरा दिवसांत सकाळच्या शिंका सुरू झाल्या. डोळे लाल, नाक गळतंय, रात्री छातीत घरघर. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवलं, ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, 'कुत्रं घालवा.' हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? ते तर आमची शेजारीणही सांगत होती. पण घालवायचा कुठे? आणि सौ.च घालवू देईना. शिंका देत देत त्यालाच मांडीवर घेऊन बसायची.

मग मुलाने फोनवर कुठलासा व्हिडिओ पाठवला. त्यातही हेच होतं: रोज आंघोळ घाला. जून लागला होता. मी कामाला लागलो. सकाळी न्हाणीत घंगाळभर कोमट पाणी, अंगाचा साबण, घसाघसा चोळणं, वरून तांब्याने पाणी. शेजारच्या म्हातारबाने कुंपणावरून विचारलं, 'तात्यानू, कुत्र्याक रोज आंघोळ घालतास, मगे बैलान काय घोडां मारल्यान?' मी हसून सोडून दिलं.

पहिले चार दिवस खरंच बरे गेले. दहाव्या दिवशी बुरण्या खाजवू लागला. मग पुढचे पाय चाटू लागला, मग पोट, मग शेपटीचं मूळ. रात्री दोन वाजता माजघरात चपचप आवाज यायचा. अंगावरचे केस हाताने बाजूला केले तर कातडी गुलाबी, कोरडी, आणि तिच्यावर पांढरी साल, नारळ खवल्यावर किसणीच्या दातांना खोबरं चिकटून राहतं तशी. सौ. पुन्हा शिंकायला लागली, आधीपेक्षा जास्त. म्हणून मी साबण वाढवला. अक्कल केव्हा कुठे कमी पडेल सांगता येत नाही.

नेमकं काय बिघडलं होतं ते आम्हाला पुढे दोन ठिकाणी कळलं, एकदा कुत्र्याच्या डॉक्टरांकडे आणि एकदा माणसांच्या. दोघांनी सांगितलेलं जोडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. अॅलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, त्यांची असते. त्यातल्या मुख्य प्रथिनाला 'कॅन एफ 1' असं नाव आहे. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, तिचे बारीक कण हवेत तरंगत राहतात. आता रोजच्या साबणाने काय झालं? माणसाची कातडी थोडी आम्ल असते, कुत्र्याची त्यापेक्षा साधारण उदासीन. आपला साबण, आपला शाम्पू तिला मानवत नाही. वरचा तेलकटपणा धुऊन गेला, कातडी सुकली, खाज आली, म्हणून तो जास्त चाटू लागला, आणि जास्त कोंडा गाळू लागला. म्हणजे जी लाळ आणि जो कोंडा धुवायला निघालो होतो, त्याचाच कारखाना मी न्हाणीत चालू करून ठेवला होता.

आंघोळ निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. इंग्लंडमधल्या संशोधकांचा एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला होता. नीट शाम्पूने धुतलं की कुत्र्याच्या अंगावरचं हे प्रथिन बरंच कमी होतं, पण तीनेक दिवसांत पुन्हा भरून येतं, म्हणून फायदा टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा धुवावं लागतं, असं त्यात दिसलं. दोनदा, साहेब. सात वेळा नव्हे.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो बुरण्याच्या जिवावर बेतला होता. आमच्याकडे गोठा आहे, म्हणजे गोचीड आहे. मानेवर दोन खवाट्यांच्या मध्ये थेंब सोडायचं औषध मिळतं, ते मी आणून टाकलं आणि सवयीने दुसऱ्या सकाळी आंघोळ घातली. हे थेंब कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरतात. आधी आणि नंतर साधारण दोन दिवस पाणी लावायचं नसतं, आणि वारंवार शाम्पू केला तर महिनाभर टिकणारं औषध तेवढं टिकत नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. आषाढात त्याला गोचीडताप आला. खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्याफटक. कणकवलीला नेऊन रक्त तपासलं, गोळ्यांचा लांबलचक कोर्स झाला, तेव्हा वाचला. त्या डॉक्टरांनीच विचारलं, 'आंघोळ किती वेळा घालता?' मी अभिमानाने सांगितलं, 'रोज!' त्यांनी कपाळाला हात लावला. आता गोचिडीसाठी तोंडाने द्यायची गोळी चालू आहे. ती आंघोळीने धुऊन जात नाही.

सौ.ची तपासणी हे वेगळंच प्रकरण. त्वचेवरच्या चाचणीसाठी कोल्हापूर गाठलं. फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी, पावसात गाडी मुंगीच्या पावलांनी. तिथे पहिला प्रश्न, 'सर्दीची गोळी कधी घेतली?' आदल्या रात्री घेतली होती. झालं, परत जा. या गोळ्या आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी येते. हे आम्हाला फोनवर वेळ देताना कुणी बोललं असतं तर एक खेप वाचली असती. दुसऱ्या खेपेला हातावर पेनने खुणा करून एकेक थेंब ठेवला आणि सुईने नुसतं टोचलं. पंधरा-वीस मिनिटं बसायचं. डास चावल्यावर उठते तशी गांध उठली तर त्या गोष्टीची अॅलर्जी. कुत्र्याच्या खुणेवर पाच मिलिमीटर, आणि शेजारच्या एका खुणेवर चांगली आठ. ती आठवाली होती धुळीतल्या किड्यांची, म्हणजे डस्ट माइटची!

हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. गादी-उशीत राहतात, माणसाच्या गळलेल्या कातडीवर जगतात आणि पाणी हवेतल्या दमटपणातूनच घेतात. कोकणात त्यांना काय कमी? तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंती चिऱ्याच्या, आणि जून ते सप्टेंबर गादीला ऊन दाखवायचं म्हणजे नवस बोलण्यातला प्रकार. आमची कापसाची गादी सौ.च्या माहेरून आलेली, लग्नातली. आता तिला घट्ट विणीची बंद खोळ शिवली आहे. चादरी-अभ्रे आठवड्याला चुलीवरच्या कढत पाण्यातून काढतो, आणि बुरण्याला झोपायच्या खोलीत प्रवेश नाही. सौ.च्या रात्रीच्या घरघरीत सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर या गादीच्या खोळीने. आंघोळ त्याच्यानंतर.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी आणखी सांगितल्या. कुत्रा आज घालवला तरी घरातले कण जायला महिने लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून नवल करू नये. आणि हे कण कपड्यांना चिकटून कुठेही पोचतात, कुत्रा कधी न पाळलेल्या घरांतही सापडतात. मला एसटीची सीट आठवली. किती शिंकणाऱ्या प्रवाशांना मी 'सर्दी झाली का हो?' म्हणून विचारलं असेन.

तुमच्या लेखात अमुक जातीच्या कुत्र्यांची अॅलर्जी होत नाही अशी एक चौकट आहे. 2012 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा नावाजलेल्या जातींचे केस तपासले, तर त्यांत हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी नव्हतं, उलट जास्त निघालं. जात बघून पैसे घालवू नयेत एवढंच. लहान कुत्र्याचं अंग लहान म्हणून कोंडा कमी, हे खरं असेलही, पण लहान कुत्राच तोंडाजवळ येऊन बसतो ना?

आता आमची पद्धत सांगतो. बुधवार आणि रविवार. न्हाणीत नाही, कारण तिथे नंतर सौ.ला जायचं असतं. विहिरीकडच्या धुण्याच्या दगडावर. कामाला मी एकटा, सौ. पडवीत. कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू, कानांत कापूस, पाणी कोपराला कोमट लागेल इतपत. फेस लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, चहाच्या थांब्यावर गाडी उभी राहते तेवढा वेळ. मग काखेत, पोटाखाली, पायांच्या बोटांमध्ये हात घालून फेस उरलेला नाही हे बघत धुवायचं. उरला की खाज.

धुण्यापेक्षा वाळवणं अवघड, हे कोकणाबाहेर कुणाला पटणार नाही. या कुत्र्याचे केस दुहेरी असतात, वरचे लांब आणि आतली लोकर. वरून हात फिरवला तर सुका वाटतो, आत बोट घातलं तर ओलं घोंगडं. तसाच सोडला तर दोन दिवसांत आंबूस वास, कानात तपकिरी मळ, बुरशी. आधी दोन पंचे, मग केस वाळवायचं यंत्र कमी उष्णतेवर, हातभर लांबून. श्रावणात वीज नसेल तर त्या बुधवारची आंघोळ सरळ रद्द करतो, ओल्या फडक्याने पाय आणि पोट पुसून मोकळा. चुलीपुढे बसवून वाळवायचा प्रयोगही केला होता. कुत्रा वाळला, सौ. धुराने बेजार. रोज खरारा पडवीच्या बाहेर, आणि आत येण्याआधी माझा सदरा बदलायचा, हे सगळ्यात आधी शिकायला हवं होतं. आंब्याच्या दिवसांत मांगरात पेट्या भरायचं काम चालतं तेव्हा त्याला तिकडे फिरकू देत नाही, नाहीतर पेंढ्यात लोळून आख्ख्या मांगराची धूळ अंगावर घेऊन येतो.

सौ.चा पंप सुटलेला नाही. बुरण्या आल्यानंतर महिन्याला एक लागायचा, आता तोच अडीच-तीन महिने पुरतो. शिंका सकाळी दोन-चार.

लेखिकेवर राग नाही. पण आपला पेपर आमच्याकडे खळ्यात मोठ्याने वाचला जातो आणि त्यात छापून आलेलं लोक करून बघतात. पुढच्या वेळी 'रोज' हा शब्द तेवढा गाळावा, आणि एखाद्या पशुवैद्यकाकडून गोचिडीच्या औषधाचं आणि आंघोळीचं गणित लिहून घ्यावं. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर कोल्हापूरच्या खेपांचं कापा, गोचिडीचं ठेवा.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त एसटी वाहक),
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग