वाहक पॉलिमर नोबेलपाशी थांबू नयेत

महोदय,

वाहक पॉलिमरच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या शोधाला २००० साली नोबेल मिळालं, इतकं शिकवून आम्ही बी.एस्सी.ला पुढच्या धड्याकडे वळतो. पुढची गंमत राहूनच जाते. पी३एचटी या अशाच एका पॉलिमरचं नारिंगी द्रावण काचेवर सुकताना जांभळं होतं, ते मुलांनी डोळ्यांनी बघायला हवं! हे पॉलिमर साधारण ६५० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश शोषतं. त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश संवेदकानं टिपायचा, तर पॉलिमरच्या रेणूसाखळीत इलेक्ट्रॉन देणारे आणि ओढणारे घटक आलटूनपालटून गुंफावे लागतात. त्यानं ऊर्जापट्ट्यांतलं अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉनला वाहतं करायला लागणारी ऊर्जा, कमी होतं. पण ते घटलं, की संवेदकात अंधारातही प्रवाह वाहू लागतो आणि प्रकाशाचा क्षीण संकेत त्यात बुडतो. या ओढाताणीतच रेणूरचनेचं खरं कसब आहे. विद्यापीठांनी यावर निदान एक प्रात्यक्षिक ठेवावं.

– रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका, सातारा