कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघड

पुणे, २० एप्रिल

प्रिय निल्या,

पीसीवर गाडीचा गेम खेळताना मध्येच गचके बसतात, तो तुझा व्हिडिओ नीट पाहिला, काही ठिकाणी थांबवून पाहिला. बोनसचे पैसे आले की नवीन ग्राफिक्स कार्ड घेणार म्हणतोस. थोडं थांब. माझी खात्री आहे की दुखणं कार्डात नाही.

स्क्रीनच्या कोपऱ्यात तू जे आकडे लावलेस त्यावरूनच सांगतो. गेममधली गाडी बाजारपेठेत शिरते आणि गचका बसतो, त्या क्षणी कार्डाचा वापर ९७ टक्क्यांवरून पन्नाशीत येतो. कार्डच कमी पडत असतं, तर ते तेव्हाही ९७-९८ वर राबत राहिलं असतं. इथे ते रिकामं बसून प्रोसेसरकडून काम यायची वाट बघतंय. वाट बघणारं कार्ड काढून महागडं बसवलंस, तर तेही वाटच बघेल.

आणि ‘एफपीएस तर ६०च्या वर आहे’ यावर जाऊ नकोस. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसली; ती सरासरी आहे. एका सेकंदात ६० फ्रेम १५-१५ मिलीसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम १०० मिलीसेकंद अडली, तरी सरासरी ६१ दिसते. डोळ्याला मात्र ती अडलेलीच फ्रेम टोचते. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लाव. रेघ सपाट हवी. जिथे सुळका दिसेल तिथे गचका.

आता रॅम. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तुझी १६ जीबीची एकच स्टिक आहे ना? डीडीआर४ प्रकारच्या रॅमची एक स्टिक ३२०० च्या वेगावर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा पुरवते. दोन चॅनलवर, म्हणजे डेटाच्या दोन वेगळ्या वाटांवर, दोन लावल्या की ५१.२. शिवाय स्पीडसमोर २१३३ किंवा २४०० दिसलं, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, बहुधा बंद आहे, म्हणजे विकत घेतलेला वेग तू वापरतच नाहीस. आधी ते चालू कर, फुकटचं काम आहे. मग तशीच दुसरी स्टिक घे. रॅमचे चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरतात, तरी मॅन्युअल बघून घे.

मला खरी काळजी उष्णतेची वाटते. चंद्रपूरचा एप्रिल, आणि पीसीचं कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला टेकवलेलं. तू लिहितोस की पहिली वीसेक मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग बिघडतो. हे तापण्याचंच लक्षण. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग उतरवतो, जरा निवला की चढवतो, पुन्हा तापतो. साइड पॅनल काढून बघशील तर प्रोसेसरवरच्या पंख्याची पाती पुसल्यासारखी दिसतील, त्यावर विश्वास ठेवू नकोस. पंखा उतरव. त्याच्या खाली, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींवर, धुळीचा घोंगडीसारखा जाड थर बसलेला असतो. हवा त्यातून जाणार कुठून? पीसी बंद करून, प्लग काढून, गॅलरीत नेऊन ब्लोअर मार. मारताना पात्यांवर बोट ठेव, पंखा भरधाव फिरू देऊ नकोस, बेअरिंग जातं. हीटसिंक उचललास तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागेल.

गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलव. मॉनिटरची केबल कार्डात आहे, मदरबोर्डात नाही, हेही बघ.

एवढं करूनही गचके राहिले तर एक परीक्षा कर. त्याच रस्त्यावरून दोनदा गाडी ने. पहिल्यांदा अडकला आणि दुसऱ्यांदा सुरळीत गेला, तर ते बहुधा शेडर, म्हणजे दृश्य रंगवायचे कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, तयार होण्याचे गचके; कार्डाचा ड्रायव्हर बदलला की काही वेळ पुन्हा येतात. त्यात तुझ्या मशीनचा दोष नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि दर वेळी त्याच रस्त्यावरचा आलेख टिपून ठेव. सगळं एकदम केलंस तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. बोनसचे पैसे तू वर्षभर राबून मिळवलेस, ते अंदाजावर खर्च झालेले मला बघवणार नाहीत. कार्ड लागेलच असं ठरलं, तर कुठलं घ्यायचं ते आपण मिळून बघू.

रविवारी कॅबिनेट उघडशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर, मी घरीच आहे. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या