तुझ्या लेकीच्या न्यायाधीशपदाविषयी

कोल्हापूर

प्रिय दत्ता,

लेकीने न्यायाधीश व्हायचं मनावर घेतलंय हे वाचून फार आनंद झाला. पण क्लासची फी भरायची घाई नको. 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. ती तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, तारखेपासून मोजतात, तेव्हा सनद आधी काढायची. मग एमपीएससीची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षेचे शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर, 50 गुणांची मुलाखत आणि उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण. सात वर्षं वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीश होण्याचीही वाट आहे.

तिने ही तीन वर्षं कसबा बावड्याच्या कोर्टात फौजदारी बाजूला काढावीत. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडे आलंय, ज्युनिअरांचा ओढा तिकडे असणारच. पण शिक्षा ठरताना बघायची तर खालच्या कोर्टातच.

गुन्हा शाबित करताना साक्षी, पंचनामा, उलटतपास सगळं होतं. शिक्षेवर बोलायची वेळ आली की मात्र ‘घरात एकटाच कमावता आहे, दया व्हावी’ एवढ्यावर भागतं. मला हे फार लागतं, दत्ता. समज, एसटी स्टँडवरच्या पाकीटचोरीत वीस वर्षांचा पोरगा दोषी ठरला. 1958 च्या प्रोबेशन कायद्याचं, म्हणजे कैदेऐवजी चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडण्याच्या कायद्याचं, कलम 6 सांगतं, की 21 च्या आतल्याला अशा गुन्ह्यात प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवल्याशिवाय आणि कारणं नोंदवल्याशिवाय कैदेत धाडू नये. वय बघायचं ते दोषी ठरवल्याच्या दिवशीचं. शाळेचा दाखलाच फाइलला नसला तर हे कलम कुणाच्या ध्यानातही येत नाही. अपिलात चूक सुधारते, तोवर पोरगं कळंबा जेलमध्ये सराईतांच्या संगतीत राहून आलेलं असतं. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पहिलीच चोरी, माल पाच हजारांहून कमी आणि तो परत केलेला असेल, तर शिक्षा समाजसेवेचीच.

हिशेबातही घोळ होतात. वर्षाची शिक्षा आणि निकालाआधी सात महिने कच्ची कैद झाली असेल, तर उरतात पाच महिने. त्यासाठी अटकेची आणि जामिनाची तारीख निकालपत्रात हवी. दंड न भरल्याबद्दलच्या कैदेतून मात्र हे दिवस वजा होत नाहीत, म्हणून मजुरी करणाऱ्याला न झेपणारा दंड लावणं म्हणजे त्याची कैद वाढवणंच. दोन वेगळ्या खटल्यांतल्या शिक्षा तर, कोर्टाने एकत्र भोगायला सांगितलं नाही, की एकापाठोपाठ एक भोगाव्या लागतात. त्या एका वाक्यासाठी अर्ज वकिलानेच द्यायचा.

फाशीच्या निकालांवर पेपरात रकाने भरतात, आणि त्या शिक्षेला उच्च न्यायालयाची मंजुरीही लागते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा अधिकार तीन वर्षांच्या कैदेपर्यंतच, तिकडे कुणी फिरकत नाही. कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशाकडे हे फौजदारी कामही असतं, म्हणून तुझी लेक पहिल्यांदा बसेल ती त्याच खुर्चीत.

तिची सनद आली की कळव. फौजदारीत चांगलं काम करणाऱ्या दोन सीनिअरांशी बोलून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विश्वास