माळ्यावरची ट्रंक

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आई, आधी तुला. माळ्यावरची ट्रंक या महिन्यात रिकामी करणारच, असं फोनवर म्हणालीस. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी तिला हात लावू नकोस.

परवा सॅन फ्रान्सिस्कोत बीट म्युझियमला गेले होते. इतकं लहान, की दोनदा पुढे निघून गेले तरी कळलं नाही. बाबा, तुम्ही जेवताना ज्या गिन्सबर्ग, केरुआकची नावं घ्यायचात ना, त्या बंडखोर अमेरिकन लेखक मंडळींचं. आत १९४९ची हडसन मोटार उभी आहे, केरुआकच्या 'ऑन द रोड' कादंबरीवरच्या सिनेमात वापरलेली. सगळे तिच्यासोबत फोटो काढत होते. मला काही तिचं अप्रूप वाटलं नाही. सिनेमाची गाडी ती, केरुआकची थोडीच!

मी रेंगाळले ती गिन्सबर्गच्या 'हाउल' या कवितासंग्रहाच्या जुन्या प्रतीपाशी. इथल्याच सिटी लाइट्स प्रकाशनानं १९५६ साली काढलेली, खिशात मावणारी पुस्तिका. किंमत ७५ सेंट. पुढच्याच वर्षी कस्टम्सनं ५२० प्रती अडकवल्या, प्रकाशक फर्लिंगेटींवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये ते निर्दोष सुटले. एवढं रामायण जिच्यावरून घडलं तिला धड बांधणीही नाही, नुसत्या पिना मारलेल्या! कागद पिवळा पडलेला. काचेवर नाक टेकवून बघताना डोळ्यांपुढे तुमची ट्रंकच आली.

१९६२ मध्ये गिन्सबर्ग मुंबईत आला, अरुण कोलटकर, अशोक शहाणे या आपल्या लेखक मंडळींना भेटला, हे तुम्हीच सांगितलेलं. १९६३ मध्ये 'असो' हे अनियतकालिक निघालं. त्याचे अंक, 'वाचा' या तशाच अनियतकालिकाचे अंक आपल्याकडे जुन्या बिलांखाली दबलेत. आणि आई त्यांना 'तो कचरा' म्हणते! (बाबा, तुम्हीही वीस वर्षांत ती ट्रंक उघडली नाहीत, हेही खरं.)

काउंटरवरच्या बाईंना विचारलं, असे अंक घरी कसे ठेवायचे? त्या म्हणाल्या, आधी गंजलेल्या पिना काढा, गंज कागद खातो. मग अंक आडवे ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून लांब. पिना उपटायच्या नाहीत. मागची वाकलेली टोकं सरळ करायची आणि हळूच सोडवायच्या. आई, हे काम तूच कर. बाबांचा हात थरथरतो, शिवाय ते मध्येच वाचत बसतील.

तुमची,
ताई