बुसाकूचे वन कोणी राखले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पोर्तुगालच्या प्रवासावर आलेल्या लेखात कोइंब्रा शहराच्या उत्तरेस असलेल्या बुसाकूच्या वनाचा उल्लेख वाचून आनंद झाला. मात्र लेखाचा सारा भर तेथील राजवाड्याच्या नक्षीकामावर आहे, आणि ज्या वनासाठी त्या डोंगरावर जायचे ते पोपच्या शापाच्या भीतीने टिकले, एवढे सांगून विषय संपवला आहे. हे अर्धेच खरे आहे. आपल्याकडच्या देवरायांविषयी बोलतानाही हाच समज सर्रास पुढे केला जातो, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

कोइंब्राच्या बिशपांनी ही जमीन अनवाणी कार्मेल पंथाच्या साधूंना दिली आणि 1628 मध्ये तेथे त्यांच्या मठाचे बांधकाम सुरू झाले. लोकवस्तीपासून दूर, मौन पाळून, एकांतात राहता यावे यासाठी या पंथाने ठिकठिकाणी असे वनमठ स्थापले होते. बुसाकूच्या साधूंनी सुमारे 105 हेक्टर जागेला सभोवार उंच भिंत घातली, आत लहान लहान एकांतकुटी बांधल्या आणि झाडे लावली. हे शेवटचे काम विसरले जाते. मूळचे रान तेथे होतेच, आणि त्याचा एक दुर्मीळ तुकडा डोंगराच्या एका अंगाला अजून उभा आहे. पण आज पाहुणा ज्या प्रचंड सायप्रस वृक्षांकडे मान वर करून पाहत राहतो, ते माणसांनी लावलेले आहेत. त्यांतला सर्वांत जुना, संत जोसेफाच्या नावाने ओळखला जाणारा वृक्ष 1644 च्या सुमारास लावला असे मानले जाते. ही जात मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. तरी युरोपात ती दीर्घकाळ ‘गोव्याचा सीडर’ म्हणून ओळखली जाई आणि ती गोव्याहूनच आली अशी तेथील बागायतदारांची समजूत होती, हे आपल्या गोमंतकीय वाचकांना कदाचित नवे वाटेल.

पोपच्या आज्ञांची गोष्ट खरी आहे. 1643 मध्ये पोप आठवे अर्बन यांनी येथील झाडांना इजा करणाऱ्यास धर्मबहिष्कृत करण्याचे फर्मान काढले. त्याआधी, 1622 मध्ये, पोप पंधरावे ग्रेगरी यांनी अशा मठांच्या आवारात स्त्रियांना प्रवेश नाकारला होता. या दोन्ही आज्ञा वनाच्या कोइंब्रा दरवाजावर शिलालेखांच्या रूपाने आजही वाचता येतात. दोनशे वर्षे या वनाचे दार निम्म्या समाजाला बंद होते, याची खंत ते वन पाहताना बाळगलीच पाहिजे. त्याच्या सौंदर्याच्या कौतुकात ती बुडू देऊ नये.

परंतु 1834 मध्ये काय झाले, हे प्रवासलेखात यायला हवे होते. त्या वर्षी पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने पुरुषांचे सर्व धर्मसंघ बरखास्त केले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. बुसाकूचे साधू गेले, मठ बंद झाला, आणि ज्यांच्या नावाने फर्मान निघाले होते तेच तेथे उरले नाहीत. शापाच्या भीतीनेच वन टिकते असे असते, तर त्यापुढच्या पंचवीस-तीस वर्षांत बुसाकूचा डोंगर उघडा पडायला हवा होता. तसे झाले नाही. वनाचे तुकडे पाडून ते विकले गेले नाही; 1856 मध्ये ते राज्याच्या वनप्रशासनाकडे सोपवले गेले. या प्रशासनाच्या काळात देशोदेशींची झाडे आणून लावण्यात आली, नेचांची घळ सजली, आणि फोंत फ्रिया या झऱ्याचे पाणी दगडी पायऱ्यांच्या दोन ओळींमधून खाली खळखळत आणले गेले. साधूंसाठी राखलेले वन अशा रीतीने सर्वांसाठी खुले उद्यान बनले, आणि त्यात झाडांची भरच पडली.

सरकारने सारे चांगलेच केले असे मी म्हणत नाही. 1888 ते 1907 या काळात राजवाडा उभारताना जुन्या मठाचा मोठा भाग पाडला गेला. बुचाच्या सालीने (कॉर्कने) मढवलेला तो साधा मठ पूर्ण उभा असता तर राजवाड्याहून अधिक मोलाचा ठरला असता, असे माझे प्रामाणिक मत आहे. परदेशी झाडांपैकी काहींनी पुढे उच्छाद मांडला. विशेषतः ऑस्ट्रेलियातून आलेली रुपेरी बाभूळ (आपल्या डोंगरांवर सरकारी लागवडीत लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्याच गणातली) भिंतीच्या आतही घुसली, आणि मूळच्या रानाला गिळू पाहणारी ही झुडपे उपटण्याचे काम तेथे वर्षानुवर्षे चालले आहे. जानेवारी 2013 मधील वादळाने तर कित्येक जुने वृक्ष मुळासकट पाडले. अशा वेळी कोणाच्या शापाचा उपयोग नसतो. पडलेले ओंडके हलवायला, वाटा मोकळ्या करायला, नवी रोपे लावून ती जगवायला माणसे लागतात. ती जबाबदारी ज्या प्रतिष्ठानाकडे आहे ते 2009 मध्ये याच एका कामासाठी स्थापन झाले होते, म्हणून वादळानंतर हे काम कोणाचे, असा प्रश्न तेथे उद्भवला नाही.

1834 च्या त्या कायद्याची दुसरी बाजू आपल्या दाराशी आहे. धर्मसंघ बरखास्तीचा हुकूम 1835 मध्ये गोव्यातही अमलात आला. जुन्या गोव्यातले मठ रिकामे झाले, आणि त्यांतले बरेचसे राखण करणारे कोणी न उरल्याने ढासळले. संत आगुस्तीनच्या भव्य चर्चचे छत 1842 मध्ये कोसळले, 1931 मध्ये दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, आणि उरलेला मनोरा आज पर्यटक पाहतात. सरकार तेच आणि कायदाही तोच होता. श्रद्धा म्हणाल तर जुन्या गोव्यात ती बुसाकूहून कमी नव्हती. संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला लोक येतच राहिले. दगडी इमारत आणि जिवंत वन यांची तुलना पूर्ण होत नाही हे मी मान्य करतो, तरी मालक गेल्यावर एका ठिकाणी जबाबदारी कोणाच्या तरी हाती दिली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी ती बहुतांशी वाऱ्यावर सोडली गेली, हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

म्हणूनच, ‘नव्या पिढीची श्रद्धा उडाली, आता देवराया कशा वाचणार?’ हा आपल्याकडे वारंवार ऐकू येणारा सूर मला पटत नाही. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हापासून त्यांच्या ऱ्हासाची चर्चा चालू आहे. त्या काळापासून किती तरी ठिकाणी भाविकांनीच, देवाच्या प्रेमापोटी, सिमेंटचे देऊळ आणि सभामंडप बांधण्यासाठी राईतली झाडे तोडली. तेथे श्रद्धा शाबूत होती आणि राई गेली. सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईसारखी ठिकाणे, जिथे रानजायफळाची झाडे दलदलीत आधारमुळांवर उभी आहेत, त्यांना ग्रामस्थांनी आजवर जपले याबद्दल कृतज्ञ राहावे तेवढे थोडे. पण उद्या गावाची जमीन देवस्थानाकडून किंवा गावकारांकडून अन्य कोणाकडे गेली, तर तोडबंदी त्या जमिनीबरोबर जाईल की मागे राहील, हे आज कागदावर ठरलेले असले पाहिजे.

आपल्या वार्ताहरांनी सत्तरी, सांगे, काणकोण आणि शेजारच्या सिंधुदुर्गातल्या राया गावागावांत जाऊन पाहाव्यात, आणि प्रत्येक राई एक-चौदाच्या किंवा सात-बाराच्या उताऱ्यावर कोणाच्या नावाने आहे, ती राखण्याचे काम नेमके कोणाकडे आहे, हे नावनिशीवार छापावे, अशी माझी आपणास विनंती आहे. या कामी वाचक म्हणून जी माहिती गोळा करता येईल ती मी आनंदाने पाठवीन.

आपला नम्र,
एक वाचक, डिचोली (गोवा)