दुर्गाबाईंची ओळख एवढीच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल, १५ जुलैच्या अंकातले दुर्गाबाई देशमुखांवरचे जयंतीचे टिपण वाचले आणि फार वाईट वाटले. मथळाच 'चिंतामणरावांच्या सहधर्मचारिणी'! निम्मे टिपण त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे चिंतामणराव देशमुखांच्या, रिझर्व्ह बँकेतल्या गव्हर्नरपदात आणि अर्थमंत्रिपदातच संपले. चिंतामणरावांचा अभिमान मलाही आहे. पण दोघांचे लग्न झाले १९५३ च्या जानेवारीत. तोवर दुर्गाबाई मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगून आल्या होत्या, १९४२ साली कायद्याची पदवी घेऊन मद्रासला वकिली करत होत्या, संविधान सभेच्या सदस्य झाल्या होत्या. आठव्या वर्षी लावून दिलेले लग्न मोडायचे धैर्यही त्यांचे स्वतःचेच. यातली एक ओळ तरी छापायची!

मला हे एवढे लागायला कारण आहे. दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष. शाळा सुटलेल्या बायकांसाठी झटपट मॅट्रिकचे वर्ग या मंडळाने १९५८ पासून काढले. माझी आई तिसरीतून काढलेली. इथल्या, इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यातून ती दुपारी भाजीला म्हणून निघायची, पिशवीत वही आणि वर मेथीची जुडी. कळले तर लोक हसतील, ही धास्ती. पास झाली तेव्हा तिच्या नावाचा रजिस्टर लिफाफा आला. पोस्टमन चौकात उभा राहून नाव पुकारत होता आणि बायका त्याला सांगत होत्या, "या नावाचं इथं कुणी राहत नाही." बारा वर्षे ती तिथे राहत होती, सगळ्यांना ठाऊक होती ती 'टेलिफोनवाल्यांची बायको'. आई पदराला हात पुसत जिना उतरली आणि "मीच ती" म्हणून पूर्ण नावाची सही केली. मी नऊ वर्षांची होते. ती सही करताना तिचा हात थरथरत होता, ते मला अजून दिसते.

स्वतः दुर्गाबाईंनी बनारसची मॅट्रिक घरी अभ्यास करून दिली होती, हे आईला वर्गातल्या बाईंनी सांगितले होते. तेवढ्या आधारावर ती गणिताला बसली.

कौटुंबिक न्यायालये हवीत, हे दुर्गाबाई चीनचा दौरा करून आल्यापासून सांगत होत्या. कायदा झाला १९८४ साली, त्या गेल्यावर तीन वर्षांनी. वकील म्हणून त्यांची ही केवढी कामगिरी! तिलाही आपल्याकडे जागा नाही. त्यांचे मंडळ २०२२ मध्ये बंद झाले, तेव्हाही आपल्या अंकात मला काही दिसले नव्हते.

कृपया त्यांच्या कामावर स्वतंत्र लेख छापावा, आणि मथळ्यात त्यांचेच नाव असावे.

जाता जाता आणखी एक. आमच्या भागातले मराठी वाचनालय दुपारी बारा ते पाच बंद असते. घरच्या बाईला सवड मिळते ती नेमकी त्याच वेळात. दोनदा अर्ज दिला, उत्तर नाही. याबद्दलही आपण दोन ओळी लिहाव्यात.

आपली,
एक जुनी वाचक
इंदूर